परिचारिका अध्यापनाकडे का वळते?

१९४६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या आणि पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव धारण करणाऱ्या परिचर्या महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि परिचारिकेला अध्यापनाची उच्च तयारी स्वदेशातच करण्याची सोय झाली. या मार्गाकडे विद्यार्थिनी का वळतात असे विचारले, तर रात्रपाळीतून सुटका आणि संसाराशी जुळणारे वेळापत्रक ही कारणे प्रथम सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु माझ्या मते मूळ बीज वॉर्डातच पडते. पहिली सुई टोचताना नवशिक्या मुलीचा हात थरथरतो, ज्येष्ठ परिचारिका तिच्या मनगटाला हलकेच आधार देते, शीर कशी चाचपावी हे बोटांनीच समजावते, आणि काही दिवसांनी तीच मुलगी निःशंकपणे रुग्णाजवळ जाते, तेव्हा आपले ज्ञान दुसऱ्याच्या हातांतून काम करू लागल्याचा जो आनंद होतो, तो हुद्द्याच्या वा पगाराच्या मोजमापात बसत नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक केवळ दफ्तरात राहू नये, यासाठी असा आनंद अनुभवलेली माणसेच हवीत. आपल्या घरातील कोणी परिचारिका ही वाट धरू इच्छीत असेल, तर तिला अवश्य पाठबळ द्या.