‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ : गाणे कुणाचे?



साहित्यिक व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी डॉक्टरने इंग्रजी रॉक गाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण रोग्याचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय औषध काढायचे नाही, ही आमच्या शास्त्रातली सवय. काही गाण्यांचा पूर्वेतिहासही असाच खोदून विचारावा लागतो. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे त्यांतले एक.

जगाला ठाऊक असलेले रूप आहे ‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या पाच तरुणांचे. 1964 साली ते चक बेरी या अमेरिकन गायकाबरोबर दौऱ्यावर होते. बेरीच्या धडाक्यापुढे तसल्याच धडाक्याने टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी कार्यक्रमासाठी एक संथ, काळोखे गाणे निवडले. प्रेक्षक स्तब्ध होऊन ऐकू लागले. मग 18 मे रोजी, दौऱ्यातूनच सवड काढून, लंडनच्या स्टुडिओत त्यांनी ते एका दमात ध्वनिमुद्रित केले. हिल्टन व्हॅलेंटाइनची एकेक सूर सुटा करत जाणारी गिटार, अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गन आणि एरिक बर्डनचा चिरत जाणारा आवाज. त्या काळी एकेरी तबकडीवरचे गाणे सुमारे तीन मिनिटांचे असे. हे साडेचार मिनिटांचे निघाले. निर्माता मिकी मोस्ट याने ते न कापता बाजारात आणले. जुलैत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत.

तबकडीच्या लेबलवर श्रेय असे होते : पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस. मांडणी पाचांची, नाव एकाचे. लेबलवर पाच नावांना जागा नाही, असे कारण तेव्हा सांगितले गेल्याचे बाकीच्यांनी पुढे सांगितले. जिथे नाव, तिथे मानधन. या एका ओळीची कटुता त्या मित्रांत कायम राहिली.

मात्र माझा आजचा प्रश्न त्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाबद्दल आहे. ‘पारंपरिक’ म्हणजे नेमके कुणाचे?

अ‍ॅनिमल्सच्या आधी, मार्च 1962 मध्ये, बॉब डिलनच्या पहिल्या अल्बमवर हे गाणे आले होते. ती मांडणी न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन राँकची. त्याने सुरावट बदलून खर्जाची ओळ अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरवत नेली होती. डिलनने परवानगी मागितली ती ध्वनिमुद्रण करून झाल्यावर! पुढे गंमत अशी झाली, की व्हॅन राँक ते गाऊ लागला की लोक म्हणत, हे डिलनचे उचलले. त्याने गाणे सोडले. मग अ‍ॅनिमल्सची तबकडी गाजली आणि लोक डिलनला म्हणू लागले, हे अ‍ॅनिमल्सचे उचलले. त्यानेही सोडले. हे व्हॅन राँकनेच हसत सांगितले आहे.

आणखी मागे जाऊ. 1933 साली क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी हे गाणे तबकडीवर आणले. अ‍ॅशली ते आपल्या आजोबांकडून शिकला होता. तो गावोगाव हिंडणाऱ्या औषधविक्यांच्या खेळात गाई : आधी गाणे, मग गर्दी, मग बाटल्यांची विक्री. अशाच एका खेळात त्याच्याबरोबर असलेल्या रॉय अ‍ॅकफनेही 1938 मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. त्या बाटल्यांतल्या औषधाने कुणाला गुण आला असेल असे डॉक्टर म्हणून मला वाटत नाही. गाणे मात्र अंगी लागले.

आणि आता ती मुलगी. सप्टेंबर 1937 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स हा बावीस वर्षांचा लोकगीत-संग्राहक अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी अवजड ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन केंटकीच्या डोंगराळ भागात हिंडत होता. मिडल्सबरो गावात खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीने, जॉर्जिया टर्नरने, त्याला हे गाणे गाऊन दाखवले. 1941 च्या आपल्या ग्रंथात लोमॅक्सने ते तिच्या नावानिशी छापले. ज्याच्याकडून जास्तीची कडवी घेतली त्या बर्ट मार्टिनचेही नाव दिले. त्यानंतर ते वुडी गथ्री, जॉश व्हाइट, लेड बेली अशा शहरी मैफलींतल्या गायकांकडे पोहोचले. जॉर्जियाला अखेरच्या वर्षांत हक्कापोटी किरकोळ रक्कम मिळाली. 1969 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती वारली.

गाणे आहे न्यू ऑर्लिन्समधल्या एका घराचे, जिथे आयुष्याची माती झाली. ते घर वेश्यागृह, जुगाराचा अड्डा की तुरुंग, यावर वाद आहेत. व्हॅन राँकला तर जुन्या छायाचित्रात तिथल्या स्त्रियांच्या तुरुंगाच्या दारावर उगवता सूर्य कोरलेला दिसला. जॉर्जियाच्या गाण्यात बोलणारी स्त्री आहे. जोन बाएझ, नीना सिमोन यांनी ते गायले. विशीतल्या डिलननेही ते स्त्री होऊनच गायले. यात आपल्याला नवल नाही; ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि एकनाथांच्या गवळणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. अ‍ॅनिमल्सने मात्र मुलीचा मुलगा केला, आणि तिची शोकांतिका वाया गेलेल्या पोराची झाली. त्याच वर्षी जॉनी हॅलिडेने फ्रेंचमध्ये त्या घराचा थेट तुरुंगच केला. 1970 मध्ये डेट्रॉइटच्या ‘फ्रिजिड पिंक’ने त्यावर कर्कश गिटारचा मुलामा चढवला. 1981 मध्ये डॉली पार्टनने ते पुन्हा स्त्रीच्या तोंडी दिले. दर खेपेला गाणे बदलले, आणि दर खेपेला मागच्या गाणाऱ्याचे नाव थोडे पुसट झाले.

उचलण्याला माझी हरकत नाही. उचलल्याशिवाय गाणे जगतच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांच्यापासून सुरू झालेल्या संगीत नाटकाने लावण्या, कीर्तने, कानडी पदे, बंदिशी, सगळीकडून चाली घेतल्या. पण जुनी छापील नाटके उघडून पाहा : पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून मूळ पदाचा मुखडा दिलेला असतो. तो छोटासा शब्द म्हणजे ऋणाची पावती. लंडनच्या त्या लेबलवर ‘पारंपरिक’ हा शब्द पावतीसारखा दिसला, तरी त्यावर देणाऱ्याचे नाव नव्हते.

आपल्या सीमाभागातल्या घरांत अजून जात्यावरच्या ओव्या आहेत. आम्हा जैनांच्या घरी पर्वकाळात म्हणायची पदे आहेत, पाळणे आहेत. एक ओळ मराठी, दुसरी कानडी. ती म्हणणाऱ्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत. आपणही ही गाणी ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतो. माझी विनंती साधी आहे. लोमॅक्सला ज्यासाठी मणभर यंत्र वाहावे लागले, ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पण गाणे टिपण्याआधी मोठ्याने बोला : गाणाऱ्या बाईंचे नाव, माहेर, सासर, कुणाकडून शिकल्या, आजची तारीख. मग गाऊ द्या. नातवंडे पुढे त्या ओव्यांचे काय करायचे ते करोत, रॉकसुद्धा करोत. पण लेबल लिहायची वेळ येईल तेव्हा नाव हाताशी असेल.