रिकामी चौकट

टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या मुलाची वही पाहावी. भरलेल्या पानांवरून त्याचें बोट भरभर पुढें सरकतें. थबकतें तें रिकाम्या चौकटीवर. पहिलें चिकट तिकीट इंग्लंडांत १८४० सालीं निघालें; पुढें १८६२ सालीं पॅरिस येथें लालिये यांनीं तिकिटांसाठीं खास वही छापून काढली. तिकिटाला ठरलेली जागा मिळाली आणि जें नाहीं, त्याचें नसणें डोळ्यांत खुपूं लागलें.

त्याच शहरांत १८५० सालीं जन्मलेला फिलिप फेरारी हा या हव्यासाचा कळस होय. घर अलोट श्रीमंतीचें. पण त्याला हवें होतें जगांतील एकूणएक तिकीट. व्यापारी सांगतील ती किंमत तो मोजी. साहजिकच बनावट तिकिटेंही त्याच्या गळ्यांत पडत. जाणकारांनीं थट्टेनें त्यांचें नांवच 'फेरारिटीज' असें ठेविलें!

ब्रिटिश गियानांतील एका बारा वर्षांच्या मुलाला १८७३ सालीं घरच्या जुन्या कागदांत १८५६ चें एक सेंटाचें किरमिजी तिकीट सांपडलें. कोपरे कापलेलें, मळकट. तें सहा शिलिंगांस विकून टाकून त्यानें दुसरीं देखणीं तिकिटें घेण्याचें ठरविलें. बिचाऱ्याचें चुकलें असें तरी कसें म्हणावें? त्यालाही आपली वहीच भरावयाची होती. तसलें दुसरें तिकीट आजवर निःसंशयपणें सिद्ध झालेलें नाहीं. १८७८ सालीं तें फेरारीच्या हातीं आलें आणि इतर सर्वांच्या वहींतील ती चौकट रिकामी राहिली.

एवढें जमविलेलें विस्कटूं नये, म्हणून त्यानें संग्रह बर्लिनच्या टपाल-संग्रहालयास मृत्युपत्रानें देऊन ठेविला. परंतु १९१७ सालीं तो स्वित्झर्लंडांत वारला, तेव्हां महायुद्ध पेटलेलें होतें. फेरारी ऑस्ट्रियाचा नागरिक आणि त्याचा ठेवा पॅरिसमध्यें. फ्रेंच सरकारनें शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला. १९२१ ते १९२५ या काळांत चौदा लिलांव झाले. १९२२ सालीं तें किरमिजी तिकीट आर्थर हाइंड या अमेरिकन कारखानदारानें बत्तीस हजारांहून अधिक डॉलर देऊन घेतलें. बाकीचीं ज्यांना जशीं परवडलीं, तशीं त्यांनीं नेलीं. आणि देशोदेशींच्या वह्यांत वर्षानुवर्षें रिकाम्या राहिलेल्या चौकटी एकेक करून भरूं लागल्या.