हिशेब कोणाला द्यायचा?



 आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजण उद्या प्रशासनात, पत्रकारितेत, स्वयंसेवी संस्थांत जाल. दुसऱ्यांच्या संकटात हात घालणे हेच तुमचे काम होईल. म्हणून आज सीरियाबद्दल बोलतो.

2011 च्या सुरुवातीला दरा शहरात शाळकरी मुलांनी भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या. पोलिसांनी मुलांना उचलून त्यांचा छळ केला आणि मार्चमध्ये लोक रस्त्यावर उतरले. सीरियाची जनता एक आहे, असे ते ओरडत होते. बशर अल-असद यांच्या राजवटीने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. जुलैत सैन्यातून फुटलेल्या अधिकाऱ्यांनी 'फ्री सीरियन आर्मी' जाहीर केली आणि पुढे विरोधकांना परदेशी मदत येऊ लागली.

पण मदत देणाऱ्या प्रत्येकाची चूल वेगळी. कतार आणि तुर्कस्तानच्या मर्जीतले गट एक, सौदी अरेबियाचे दुसरे. आखातातल्या देणगीदारांना धार्मिक भाषा भावते हे पाहून काही तुकड्यांनी आपली भाषाच बदलली. असद यांचा अलावी पंथ आणि बहुसंख्य सुन्नी यांच्यातली तेढ वाढवण्यात राजवटीचा, इराणचा आणि लेबनॉनच्या हिजबुल्लाचा वाटा मोठा. पण विरोधकांकडे आलेल्या पैशानेही त्या आगीत तेल ओतले.

2013 मध्ये अमेरिकेने सीआयएमार्फत गुप्त शस्त्रपुरवठा मंजूर केला. त्यातले रणगाडाभेदी 'टो' क्षेपणास्त्र मिळालेल्या तुकडीने माऱ्याचे चित्रण करायचे, वापरलेली नळी परत करायची, मग पुढचे क्षेपणास्त्र मागायचे. शस्त्र भलत्याच्या हाती पडू नये म्हणून ही अट रास्तच होती. पण कमांडरचा हिशेब परदेशी अधिकाऱ्याकडे जात होता. ज्या गावात त्याची माणसे बंदुका घेऊन उभी होती, त्या गावाला त्याला जाब विचारण्याची अशी कोणतीच सोय नव्हती.

पेंटागॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची, लढवय्ये तयार करण्याची 50 कोटी डॉलरची योजना वेगळीच होती. तिच्यात तयार झालेल्यांपैकी प्रत्यक्ष लढणारे चार-पाचच उरलेत, असे अमेरिकी सैन्याचे जनरल लॉइड ऑस्टिन यांनी सप्टेंबर 2015 मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. पुढच्या वर्षी अलेप्पोच्या उत्तरेला सीआयएच्या आणि पेंटागॉनच्या पाठबळावरचे गट एकमेकांशीच लढले. 2017 मध्ये ट्रम्प यांनी सीआयएचा कार्यक्रम बंद केला. 8 डिसेंबर 2024 रोजी असद पळाले, तेव्हा त्यांना हटवणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व त्या वेळी अमेरिकेच्या दहशतवादी यादीत असलेल्या 'हयात तहरीर अल-शाम'कडे होते.

मग स्वस्थ बसावे का? नाही. ऑगस्ट 2013 मध्ये दमास्कसजवळच्या घूता भागात विषारी वायूने शेकडो माणसे मारली गेली. तिथे हात बांधून बसणारे निर्दोष ठरत नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की मदत कोणाला द्यायची हे ठरवताना तिचा जाब कोण विचारणार, हेही त्याच दिवशी ठरवा. ज्यांच्या नावाने पैसा येतो त्यांना तो अधिकार नसेल, तर मदत घेणारा देणाऱ्याचा माणूस होतो आणि आपल्याच लोकांना परका होतो.

तुम्ही निधी वाटाल, अहवाल लिहाल, ठरावांवर सह्या कराल. प्रत्येक अहवालाची एक प्रत देणाऱ्याकडे जाईलच. दुसरी, त्यांच्या भाषेत लिहिलेली, ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्या हाती द्या. त्यांनी उलट प्रश्न विचारले तर वैतागू नका, उत्तर द्या. तुमच्या पदवीचा कस तिथेच लागेल.