डिझेल आणि वीज : एक सगोत्र विवाह



मोटारींचे चार शौकीन एकत्र जमले म्हणजे हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो. पेट्रोलच्या गाडीला विजेची मोटर जोडली कीं शहरांत तिचें इंधन बरेंच वाचतें. डिझेलची गाडी तर मुळांतच पेट्रोलच्या गाडीपेक्षां कमी खाणारी. मग डिझेललाच वीज जोडली तर दुधांत साखर पडणार नाहीं काय? प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो, आणि कारखानदारांच्या नजरेंतून निसटलेली मोठीच गोष्ट आपल्या हातीं लागली असें विचारणाराला वाटूं लागतें. परंतु ती त्यांच्या नजरेंतून निसटलेली नाहीं. त्यांनीं अशा गाड्या बनविल्या, विकल्या आणि बहुतेकांनीं सोडूनही दिल्या. असें कां घडलें, तें आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे. नव्या गाडीशीं कुटुंबाला दहा-पंधरा वर्षें संसार करावयाचा असतो. तिची निवड दोन गुणांच्या साध्या बेरजेवर करून भागत नाहीं.

ही भावंडें मात्र जुनीं आहेत. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डिझेल याचें इंजिन यशस्वी ठरलें. १८९९ सालीं जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग मोटारींत प्रथम ओलांडला, तो विजेच्या गाडींत बसून. आणि १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्शे यानें व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठीं एक गाडी तयार केली, तींत पेट्रोलचें इंजिन वीज निर्माण करी आणि ती वीज चाकांतील मोटरी फिरवी. इंधन व वीज दोन्ही बाळगणाऱ्या अशा गाडीला आज आपण हायब्रिड म्हणतों.

आतां पेट्रोलच्या इंजिनाचें दुखणें काय तें पाहूं. या इंजिनांत हवा आणि इंधन यांचें प्रमाण बांधलेलें असतें. इंधन कमी द्यावयाचें तर हवाही कमी द्यावी लागते, म्हणून त्याच्या घशाशीं एक झडप बसविलेली असते. आपण पाय सैल केला कीं ती मिटत जाते, आणि उरलेल्या फटींतून हवा ओढून घेण्यांतच इंजिनाची शक्ति खर्ची पडते. नाक चिमटींत धरून जिना चढणाऱ्या माणसाची जी अवस्था, तीच त्याची. मोकळ्या रस्त्यावर भरधाव जातांना हें इंजिन कांहीं वाईट नाहीं; पण दादरहून कुर्ल्याला जातांना गाडी तिळातिळानें सरकूं लागली म्हणजे तें कामाच्या मानानें फार खातें.

हायब्रिडमधील वीज नेमकी याच दुखण्यावर औषध म्हणून येते. गाडी रांगत असेल तेव्हां इंजिन बंद आणि मोटर चालू. इंजिनानें जागें व्हावयाचें तें अंगाजोगें ओझें असेल तेव्हांच. शिवाय चढावर मोटरचा हातभार असतो, त्यामुळें इंजिन थोडें अशक्त असलें तरी चालतें, आणि तें अशक्त परंतु काटकसरी असें मुद्दाम घडवितां येतें. १९९७ च्या डिसेंबरांत टोयोटानें जपानांत प्रियस गाडी विक्रीस आणली, ती याच हिशेबावर. २०१५ सालच्या प्रियसचें इंजिन सर्वोत्तम अवस्थेंत इंधनांतील शंभर भागांपैकीं चाळीस भाग कामीं लावूं शके. एके काळीं ही मजल डिझेलखेरीज कोणाची नव्हती.

डिझेलला शक्ति कमीजास्त करण्यासाठीं घशाशीं झडप लागत नाहीं. हवा दर खेपेस पोटभर घ्यावयाची, ती पंधरा-सोळा पट दाबून तापवावयाची आणि गरजेपुरतेंच तेल तींत फवारावयाचें. वाढणारानें हात आखडता घेतला, पण जेवणाराचा गळा कोणी धरला नाहीं. त्यामुळें हलक्या कामांतही डिझेल उधळपट्टी करीत नाहीं. येथेंच आपल्या शौकिनांची बेरीज चुकते. विजेची मोटर जी काटकसर शिकवावयास येते, ती डिझेलला आधींच बरीचशी पाठ असते. वधू आणि वर दोघेही एकाच गोत्राचे; एकाच्या अंगचा गुण दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाहीं. सगोत्र विवाहाला कायद्याची आडकाठी उरलेली नाहीं हें खरें, पण येथें प्रश्न धर्मशास्त्राचा नसून खर्चाचा आहे.

आणि खर्च मोठा आहे. हवेच्या दाबाच्या दोन हजार पट दाबानें तेल फवारणारी यंत्रणा, टर्बो, धुराची गाळणी, या सगळ्यांमुळें डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षां लाखभर रुपयांनीं तरी महाग पडते. हायब्रिडची बॅटरी, मोटर आणि त्यांचीं नियंत्रक यंत्रें हींही महाग. पेट्रोल-हायब्रिडमध्यें एक स्वस्त व एक महाग अशी जोडी जमते. डिझेल-हायब्रिडमध्यें दोन्ही महाग, शिवाय दोन्ही जड.

ब्रेक लावतांना वायां जाणारी शक्ति परत मिळविणें, हा हायब्रिडचा दुसरा गुण. तो मात्र डिझेललाही तितकाच लाभतो, हें मान्य केलें पाहिजे. खंडाळ्याचा घाट उतरतांना दीड हजार किलोंची गाडी सुमारें साडेपांचशें मीटर खालीं येते, म्हणजे गणितानें सव्वादोन युनिट शक्ति मोकळी होते. वारा, घर्षण आणि यंत्रांतील गळती वजा जातां निम्मी हातीं लागली असें धरूं. आपल्याकडील पेट्रोल-हायब्रिड गाडींतील बॅटरी पाऊण युनिटाची असते, आणि तिलाही पूर्ण रिकामी वा पूर्ण भरलेली ठेवीत नाहींत. घाट संपण्यापूर्वींच ती तृप्त होते आणि उरलेली शक्ति ब्रेक व इंजिन यांच्या उष्णतेंत जाते. केवळ विजेवर चालणारी गाडी, तिची बॅटरी आधींच काठोकाठ भरलेली नसेल, तर हें सगळें दान सहज पदरांत घेते.

पण डिझेल-हायब्रिडला खरा घात झाला तो धुराकडून. डिझेलच्या धुरांत काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें असतात. काजळी गाळणींत अडकवून जाळावी लागते, आणि तें जळण्यास सुमारें सहाशें अंश उष्णता हवी. ऑक्साइडें नष्ट करण्यासाठीं युरियाचें पाणी फवारतात. तो रासायनिक संस्कारही धूर दोनशें अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट होत नाहीं. म्हणजे ही यंत्रणा गरम राहिली तरच स्वच्छता. आणि हायब्रिड काय करते? मिनिटामिनिटाला इंजिन बंद करते. दर खेपेस नळी निवते आणि इंजिन पुन्हां जागें झालें कीं पहिला धूर अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडतो. चुलीवरील दूध ऊतूं जाऊं नये म्हणून चूल सारखी विझवावी आणि तें आटत कां नाहीं म्हणून तक्रार करावी, तसा हा प्रकार. यावर उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय इंधन खातो किंवा पैसा खातो.

त्यांतच सप्टेंबर २०१५ उजाडला. फोक्सवॅगन कारखान्याच्या डिझेल गाड्या परीक्षा चालू असल्याचें ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ वागत, हें अमेरिकेंत उघडकीस आलें. जगभरांतील सुमारें एक कोटी दहा लाख गाड्यांत ही लबाडी होती. त्या वर्षीं पश्चिम युरोपांत विकल्या जाणाऱ्या दर दोन नव्या गाड्यांपैकीं साधारण एक डिझेलची असे. २०२४ सालीं युरोपीय संघांत तें प्रमाण शंभरांत बारांवर आलें होतें.

आतां ज्यांनीं हा विवाह लावून पाहिला त्यांची हकीकत. प्यूजो या फ्रेंच कारखान्यानें २०११ च्या सुमारास ३००८ हायब्रिड-फोर ही गाडी आणली. पुढील चाकांना १६३ अश्वशक्तीचें डिझेल, मागील चाकांना ३७ अश्वशक्तीची मोटर, आणि दोहोंना जोडणारा दांडा नाहीं! रचना खरोखर सुरेख होती. तरीही २०१९ सालीं हेंच नांव पुन्हां बाजारांत आलें तेव्हां त्यांतील इंजिन पेट्रोलचें होतें. व्होल्व्होनेंही व्ही-६० गाडींत डिझेल व वीज यांची सांगड घातली. पुढील पिढींत तेथेंही पेट्रोलच आलें. फोक्सवॅगनची २०१३ सालची एक्सएल-वन ही तर चमत्कारिक वस्तु. दोन सिलिंडरांचें चिमुकलें डिझेल, वजन आठशें किलोंच्या आंत, आणि अधिकृत परीक्षेंत शंभर किलोमीटरांना ०.९ लिटर तेल. अशा अवघ्या अडीचशें गाड्या बनविल्या गेल्या. पण तिच्या यशांत हलक्या शरीराचा आणि वारा कापणाऱ्या आकाराचा वाटा किती, हें शौकीन मंडळी सांगावयास विसरतात.

आपल्याकडे मारुतीनें २०१५ सालीं सियाझ गाडींत डिझेलला पट्ट्यानें जोडलेली एक छोटी मोटर दिली. ती एकटी गाडी हालवूं शकत नसे. इंजिन सुरूं करणें आणि मदतीचा हात लावणें एवढेंच तिचें काम. सरकारनें त्यावर सवलत दिली आणि १ एप्रिल २०१७ पासून काढून घेतली, तीही योग्यच, कारण तिला हायब्रिड म्हणणें हें पळीभर तुपाला मेजवानी म्हणण्यासारखें होतें. एप्रिल २०२० मध्यें धुराचे कडक नियम लागूं होतांच या कंपनीनें डिझेलच बंद केलें. २०२२ सालीं तिची खरीखुरी हायब्रिड आली ती पेट्रोलवर.

येथें कोणी म्हणेल कीं आगगाडीचें डिझेल इंजिन वर्षानुवर्षें विजेच्याच मोटरींनीं चाकें फिरवितें, त्याचें काय? २०२२ सालीं विद्युतीकरण पुरें होईपर्यंत कोंकण रेल्वेचा सारा भार अशाच इंजिनांनीं वाहिला. पण तेथें वीज बचतीसाठीं नसते. हजारों अश्वशक्तीचा जोर पेलील असा गिअरबॉक्स बनविणें अवघड, म्हणून त्याच्या जागीं जनित्र आणि मोटरी बसविल्या. साठवण करणारी बॅटरी तेथें नाहीं, आणि इंजिन तासन् तास ओझ्याखालीं गरम राहतें. त्या दृष्टान्तावरून घरच्या गाडीविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं.

मग निवड उरते ती पेट्रोल-हायब्रिड आणि निव्वळ वीज यांत. हवेचा हिशेब प्रामाणिकपणें मांडूं. वीस किलोमीटर देणारी डिझेल गाडी शंभर किलोमीटरांत सुमारें तेरा किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. बावीस देणारी पेट्रोल-हायब्रिड साडेदहा. विजेची गाडी पंधरा युनिट घेते. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, तेव्हां तारांतील गळती धरून तेंही बारा किलोंच्या आसपास जातें. बॅटरी बनवितांना आणि तेल शुद्ध करतांना होणारा धूर यांत धरलेला नाहीं. म्हणजे आज या हिशेबांत वीज विजयी नाहीं. परंतु हायब्रिडचा आंकडा ती म्हातारी होईपर्यंत सुधारणार नाहीं. विजेचा आंकडा मात्र सूर्य व वारा यांची वीज वाढेल तसा त्याच गाडींत सुधारत जाईल. आणि तिचा धूर मुलांच्या शाळेसमोर निघत नाहीं, चंद्रपूरला निघतो. चंद्रपूरकरांनीं तो कां सोसावा, याचें उत्तर मुंबईकराजवळ नाहीं.

ज्याच्या इमारतींत स्वतःच्या गाडीच्या जागेपाशीं वीज घेतां येते आणि ज्याचें फिरणें बहुतांशीं शहरांतलें, त्यानें विजेची गाडी घ्यावी. सोसायटीच्या सभेंत तारेचा ठराव अडकून पडला असेल त्यानें पेट्रोल-हायब्रिड. आठवड्याला नागपूर-पुणें करणाराला साधें डिझेल अजून परवडतें. डिझेल-हायब्रिड शोभतें तें एकाच जातीच्या प्रवाशाला, आणि मर्सिडीजनें तो बरोबर हेरला. २०१८ सालीं तिनें जाहीर केलेली ई ३०० डी-ई ही गाडी साडेतेरा युनिटांची बॅटरी घेऊन निघते. ती घरीं भरली कीं पन्नासएक किलोमीटर शहर विजेवर, आणि पुढें जर्मनीच्या महामार्गावर शेंकडों किलोमीटर एका चालीनें डिझेलवर. इंजिन एकदां तापलें कीं तापलेलेंच राहतें, त्यामुळें धुराची तक्रारही बरीच मिटते. मात्र अशा गाडीच्या मालकानें रोज रात्रीं ती भरावयास लावली पाहिजे. आळस केला तर तो ती जड बॅटरी, गाळणी आणि युरियाचें पाणी हा सगळा संसार डिझेलच्याच पैशानें गांवोगांव हिंडवीत राहतो.