नाकारलेल्या सूचनांची नोंद



'पायथन' या संगणकभाषेची संहिता सर्वांना खुली आहे. तीत मोठा बदल हवा असेल तर लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. ही पद्धत २००० साली सुरू झाली. अखेरचा शब्द मात्र भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांचा. 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' हे बिरुद त्यांना थट्टेने लावलेले होते; पण थट्टेतली हुकूमशाही हीही हुकूमशाहीच! २०१८ मध्ये ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावर कडवट वाद झाला आणि तो मंजूर करून रॉसम यांनी ते पद सोडले. २०१९ पासून निर्णयाधिकार पाच जणांच्या निर्वाचित मंडळाकडे आहे. एकाच मालकाचे दोनांहून अधिक नोकर त्यावर नसावेत, असा दंडक आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. प्रस्तावातच 'नाकारलेल्या कल्पना' हे प्रकरण असते. कोणती सूचना का स्वीकारली नाही, हे तेथे लिहावे लागते. आपल्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तांत 'ठराव सर्वानुमते संमत' यापलीकडे काय सापडते?

तरीही ही लोकशाही अपुरी आहे. मताचा अधिकार मूळ विकासकांच्या गटापुरता. भाषा वापरणारे लक्षावधी लोक त्याबाहेर. छाननीचे बरेचसे काम विनावेतन चालते. साहजिकच, ज्याला कंपनीचा पगार आणि सवड आहे तोच दीर्घ चर्चेत टिकतो. म्हणून हरकतींना पुरेशी मुदत, प्रत्येक गंभीर हरकतीला लेखी उत्तर आणि छाननी करणाऱ्यांना मोबदला हवा. तो या भाषेवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी द्यावा, मात्र त्याबदल्यात त्यांना एकही जादा मत मिळू नये.