‘जन्मजात’ म्हणजे ‘आनुवंशिक’ नव्हे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘जन्मजात’. एखाद्याला आपण ‘जन्मजात गायक’ म्हणतो, तेव्हा गाणे त्याच्या रक्तातच आहे असे सुचवतो. वैद्यकशास्त्रात मात्र हा शब्द एवढेच सांगतो की, दोष जन्माच्या वेळी अस्तित्वात होता. तो काळ सांगतो, कारण सांगत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्याने बाळाच्या व्याधीचे नाव कळताच घरात प्रश्न उठतो, “हे कोणाच्या घराण्यातून आले?” आणि बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे वळते. पुढे घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की ते मूल पाहुण्यांपासून लपवलेही जाते.

१९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या पाहण्यात जन्मतः मोतीबिंदू असलेली अनेक बाळे आली. चौकशी करता बहुतेक मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाल्याचे आढळले. दोष जन्मजात खरा, पण तो विषाणूचा प्रताप होता, घराण्याचा नव्हे. आपल्या देशात २०१७ पासून बालकांना गोवर-रुबेलाची एकत्रित लस दिली जाऊ लागली.

याउलट थॅलेसेमिया हा पूर्णतः आनुवंशिक आजार. तरीही त्याच्या तीव्र प्रकारातील बाळ जन्मतः सुदृढ दिसते. रक्तक्षय काही महिन्यांनी प्रकट होतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तरच हा तीव्र प्रकार संभवतो आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भाला त्याचा धोका २५ टक्के असतो. म्हणजे येथेही एकट्या आईला दोष देण्यास जागा नाही. विवाहापूर्वीच्या रक्तचाचणीने हे कळू शकते. पत्रिका पाहण्याआधी ही चाचणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, असे आजही ऐकू येते. गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत सांधला जातो. तोवर अनेक घरांत गोड बातमी सांगितलेलीही नसते! या व्यंगाची कारणे अनेक आहेत, त्यांत कधी आनुवंशिकतेचाही अंश असतो. सुरी आणि ग्रहण मात्र त्यांत नाहीत.

मज्जारज्जूची नलिका तर गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. म्हणून फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्यापूर्वीपासून घ्यावयाची असते. चातुर्मासात आपल्या घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात, हे येथील भगिनींना मी सांगायला नको. गोळीचे महत्त्व त्या काळात अधिकच.

दोषारोपात जो वेळ जातो, त्याची किंमत बाळ मोजते. जन्मतः थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंद असलेले बाळ बहुधा अगदी निरोगी दिसते. टाचेच्या रक्ताच्या काही थेंबांवर निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बुद्धीची वाढ बहुधा इतर मुलांसारखीच होते. निदानच न झाल्यास मतिमंदत्व कायमचे राहते.

पाऊल आत वळलेल्या बाळांनाही पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत, बहुधा टाचेमागील शिरेच्या छोट्या छेदानंतर, सरळ पाऊल मिळते. पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना पट्टीने जोडलेले बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले की घरची मंडळी ते बूट माळ्यावर टाकतात आणि पाऊल पुन्हा वळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी.