कयाधूकाठी आपले स्वागत
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

आदरणीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, राज्यभरातून आलेले डॉक्टर, संशोधक, संगणकतज्ज्ञ, विद्यार्थी मित्र आणि माझ्या हिंगोलीकर बंधू-भगिनींनो,

'वैद्यकीय शिक्षण, जैववैद्यकीय संशोधन आणि यंत्रशिक्षण यांतील विकेंद्रित शिक्षण' हा परिषदेचा विषय पत्रिकेवर दोन ओळींत बसला. माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. मी हळदीचा आडत्या; संत नामदेव मार्केट यार्डाबाहेरचं मला फारसं कळत नाही. पण गावाविषयी बोलायला मला कागद लागत नाही.

परभणीतून वेगळा होऊन 1 मे 1999 रोजी झालेला हा हिंगोली जिल्हा वयाने लहान, गाव मात्र जुनं. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज गेली, नावं राहिली: रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा. याच छावणीत हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. गोरे साहेबसुद्धा त्याचे गिऱ्हाईक. इंग्रज अधिकारी मेडोज टेलरने 1839 मध्ये छापलेल्या ठगांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याची हकिगत आहे. मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्याने रीतसर परवाना काढला, कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्याच व्यापाऱ्याला माणसांसकट वाटेत मारलं आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत उजळ माथ्याने विकला. परवाना खरा, माल लुटीचा! रुग्णांच्या माहितीसाठी संमतीचे फॉर्म भरून घेणाऱ्या संशोधकांनी आमचा हरीसिंग जरूर ध्यानात ठेवावा.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. नामदेव महाराजांची नरसी सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे गुरू विसोबा खेचर मात्र क्वचितच कुणाला आठवतात, आणि इतर गावंही त्यांच्यावर हक्क सांगतात, पण आम्ही काही सोडणार नाही! परंपरा सांगते की गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रडत पांडुरंगाकडे गेले. पांडुरंगाने त्यांना पंढरपुरात ठेवून घेतलं नाही. आमच्या औंढ्याला विसोबांकडे धाडलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं, असा नियम दिल्लीत 2020 साली झाला. आमच्याकडे तो सातशे वर्षांपूर्वी अमलात होता!

औंढ्याला विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा रे, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांनी पाय जिथे ठेवले तिथे पिंड उभी राहिली. ज्ञान एका गाभाऱ्यात कोंडलेलं नसतं, हा तुमचा सिद्धान्त विसोबांनी झोपल्या झोपल्या शिकवला.

त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला आता गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 साली मंजूर झालेले सुमारे 2,600 कोटी रुपये. गुरुत्वलहर कुठल्या दिशेने आली, हे एकट्या वेधशाळेला नीट सांगता येत नाही. दूरदूरच्या वेधशाळांना ती कोणत्या क्षणी कळली ते ताडून दिशा काढतात. म्हणून अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांना औंढ्याची साथ हवी आहे.

तुमचा विषय मला समजला तो असा. रुग्णांचे कागद रुग्णालयातच राहतात. संगणकाचं मॉडेल तिथे येतं, नोंदींवर शिकतं आणि सुधारलेले आकडे तेवढे घेऊन मध्यवर्ती ठिकाणी जातं. कोविडच्या रुग्णाला पुढे किती ऑक्सिजन लागेल, हे सांगणारं एक मॉडेल वेगवेगळ्या देशांतल्या 20 संस्थांनी असंच घडवलं. ते 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. वैद्यकीय शिक्षणाचंही तसंच. आमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 9 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं. त्याचे विद्यार्थी आसपासची कुटुंबं दत्तक घेऊन शिकतील. म्हणजे शिकवणारे आम्हीही आहोत.

म्हणून यजमानाच्या हक्काने एक मागणं. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात गेली. पंजाब ते विसरला नाही. आज नरसीला गुरुद्वारा आहे. कळमनुरी-सेनगावच्या रुग्णांच्या नोंदींवर तुमचं यंत्र शहाणं झालं, तर ते शहाणपण आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हाती परत आलं पाहिजे, आणि फुकट आलं पाहिजे. हा ठराव परिषदेने करावा. आडत्या आहे, माल देतो तेव्हा पट्टी मागतोच!

आता व्यवस्थेविषयी. सर्वांची सोय लॉजवर झाली नाही. काहींना कार्यकर्त्यांच्या घरी उतरवलं आहे. तिथे पहाटे पाचला चहा येईल, रागावू नये. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात वक्त्यांनी पडद्याविना बोलावं. इंटरनेटची हमी मी देत नाही. गाड्या मैदानाच्या उत्तरेला लावाव्यात. दक्षिणेला स्वयंपाक आहे. जेवणात भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा जपून घ्यावा. सभागृहात डॉक्टर भरपूर असले, तरी त्यांनाही जेवू द्यावं.

आभार मानायचे तर यादी मोठी. हळद व्यापाऱ्यांनी भोजनखर्च उचलला. मंडपवाल्यांनी भाडं निम्मं केलं. खुर्च्या शाळांनी दिल्या, टँकर नगरपालिकेने. एका शेतकऱ्याने ज्वारीची पोती पाठवली आणि नाव सांगू नका म्हणून बजावलं. मी ते मोठ्या कष्टाने पाळतो आहे. भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या ताईंसाठी टाळ्या आत्ताच वाजवाव्यात; संध्याकाळी आभार मानायला सभागृहात कुणी उरत नाही. राहिलं कुणाचं नाव तर त्यांनी मला बाजारात धरावं.

उणं-अधिक पोटात घालावं, ठरावाचं तेवढं ध्यानात ठेवावं. आपणा सर्वांचं स्वागत करतो आणि परिषदेला सुयश चिंतितो. जय हिंद, जय महाराष्ट्र!